सलग नऊ जिंकल्यावर टीम हरायला लागली: नाशिकमधल्या मुलींच्या एका बास्केटबॉल टीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

टीम नाशिकची, मुलींची, वय १६ ते २१, प्रॅक्टिस गंगापूर रोडच्या बाजूला एका सिमेंटच्या ओपन कोर्टवर. क्लबचं किंवा लीगचं नाव मी लिहिणार नाही, मुलींना नुसतं कॅप्टन, सेंटर (रिंगजवळ खेळणारी) असंच म्हणेन आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. मी याच कोर्टवर खेळून मोठी झाले, आता सरांबरोबर बेंचवर बसते, स्कोअरबुक माझ्याकडे असतं, मुली मला ताई म्हणतात.

लीग आठ टीम्सची, प्रत्येकीशी दोनदा खेळायचं म्हणजे १४ मॅचेस, पहिल्या चार टीम्स प्लेऑफला, पहिली विरुद्ध चौथी आणि दुसरी विरुद्ध तिसरी अशा सेमी. सुरुवात नोव्हेंबरात. पहिले नऊ आठवडे दर रविवारी एक मॅच आणि नऊच्या नऊ आम्ही जिंकलो. आमचं हत्यार एकच होतं, फुल कोर्ट प्रेस. समोरच्यांनी बॉल आत टाकला की लगेच दोघी अंगावर, त्यांना आठ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं असतं, त्या घाबरतात, उंच पास टाकतात, आमची एक मुलगी मध्येच उडी मारून बॉल घेते आणि सरळ ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन सोपा बास्केट. नोव्हेंबर-डिसेंबरात ते बघायला फार भारी वाटायचं, एका मॅचला तर पहिल्या पाच मिनिटांतच समोरच्यांचे दोन टाइमआउट झाले होते.

मग वेळापत्रक बदललं. टीममध्ये तिघी बारावीच्या, इतर टीम्समध्येही होत्या, जानेवारीच्या शेवटी प्रॅक्टिकल्स, फेब्रुवारीत लेखी, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की उरलेल्या पाच मॅचेस १८ दिवसांत उरकू आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्लेऑफ. निर्णय मुलींच्या भल्यासाठीच होता आणि मी त्याला हो म्हटलं होतं. आठवड्याला एक मॅच खेळणारी टीम दर चार-पाच दिवसांनी खेळणार आहे, याचा हिशोब त्या मीटिंगमध्ये कुणीच केला नाही, मीही नाही.

नेमकं काय बिघडलं

दहावी मॅच हरलो, तिसऱ्या क्वार्टरला सहाने पुढे असताना चारने हरलो. एखादा दिवस असतो असा, म्हणून सोडून दिलं. अकरावी हरलो. बारावी एका पॉइंटने कशीबशी जिंकली, तीही शेवटच्या टीम्समधल्या एकीशी. तेरावी दहाने हरलो, आणि त्या वेळी चौथ्या नंबरवर असलेल्या टीमकडून.

बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसत होतं की डोक्यात हवा गेली. पालक तसं म्हणायला लागले, जुने खेळाडू म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर सरांच्याही मनात तेच होतं. दहाव्या मॅचनंतर सरांनी शनिवारी सकाळी सहाची जादा प्रॅक्टिस लावली आणि प्रत्येक प्रॅक्टिसच्या शेवटी वीस मिनिटं स्प्रिंट. सर हा खेळ वीसएक वर्षं शिकवतायत, मुलींसाठी पदरचे पैसे घालतात, त्यांच्या हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती आणि नाही. पण हा पहिला निर्णय चुकला असं मला आज ठामपणे वाटतं, आणि मी तेव्हा गप्प बसले.

जानेवारीतली नाशिकची सकाळ म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको, निफाडला पारा चार-पाचवर आणि इकडे कोर्टवर दव, सिमेंट ओलं, बॉल हातातून निसटतो. नाशिकरोडवरून येणारी आमची सेंटर त्यासाठी पावणेपाचला उठायची. एका शनिवारी मी पोचले तर ती किटबॅगवर डोकं ठेवून, जॅकेट तोंडावर ओढून, बुटांच्या नाड्या न बांधता गाढ झोपलेली. मी तिला उठवलं आणि स्प्रिंटच्या लाइनीत उभं केलं. ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तेराव्या मॅचनंतर कॅप्टनला स्कूटीवर घरी सोडत होते. ती आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी, बारावी सायन्स, जर्नल्स पूर्ण करायला रात्री एकपर्यंत जागायची. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग मागून हळूच म्हणाली, "ताई, चौथ्या क्वार्टरला पाय ऐकतच नाहीत. सरांना सांगू नका ना, त्यांना वाटेल मी कारणं देतेय."

स्कोअरबुक उघडल्यावर

त्या रात्री जेवण झाल्यावर मी ओट्याशेजारच्या टेबलावर तेराच्या तेरा शीट्स पसरल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. हे काम मी तीन आठवडे आधी करायला हवं होतं.

पहिली गोष्ट चौथा क्वार्टर. हरलेल्या तीन मॅचेसचा नुसता चौथा क्वार्टर बघितला तर ९-१९, ७-१६, ११-२०. पहिल्या तीन क्वार्टर्सनंतर आम्ही दोन मॅचेसमध्ये पुढे होतो आणि तिसरीत फक्त एकने मागे. डोक्यात हवा गेलेली टीम सुरुवातीला ढिली खेळते, शेवटची दहा मिनिटंच का हरेल?

दुसरी गोष्ट फ्री थ्रो, म्हणजे समोरच्यांच्या फाउलवर मिळणारा मोकळा शॉट. पहिल्या नऊ मॅचेसमध्ये १५८ पैकी ९६, म्हणजे साठ टक्क्यांच्या थोडं वर. पुढच्या चारमध्ये ५१ पैकी २२. फ्री थ्रोला कुणी अडवत नाही, बोर्डपासून ४.६ मीटरवर उभं राहायचं, रिंग तीच ३.०५ मीटर उंच, सगळं तेच. बदलतं ते फक्त मारणाऱ्याचं शरीर आणि मन. बॉल कुठे लागून बाहेर गेला हे शीटवर नसतं पण मला आठवत होतं, जवळजवळ सगळे रिंगच्या पुढच्या कडेला टण्णकन लागून आपल्याच दिशेला परत यायचे. नुसत्या टेन्शनमध्ये बॉल डावा-उजवा जातो, लांबही जातो. सारखा शॉर्ट पडायला लागला की आधी पाय बघायचे, कारण शॉटची ताकद नुसत्या हातातून नाही, गुडघ्यातून वर येते.

तिसरी गोष्ट प्रेस. समोरच्या टीम्सचे टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेले बॉल, पहिल्या नऊमध्ये सरासरी २३, पुढच्या चारमध्ये १४. याचं अर्धं कारण आमचे पाय, पण अर्धं कारण समोरच्या शिकल्या होत्या. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टीम एक उंच मुलगी बरोबर सेंटर सर्कलजवळ आणून उभी करायची, आमच्या दोघी बॉलवर गेल्या की पास तिच्याकडे, ती वळली की समोर तीन विरुद्ध दोन. आम्ही प्रेस करून त्यांनाच ले-अप देत होतो आणि त्यासाठी धावून धावून मरत होतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. सलग नऊ विजयांपैकी चार विजय पाच किंवा त्याहून कमी पॉइंटचे होते. त्यातला एक दोन फ्री थ्रोवर, एक शेवटच्या सेकंदाला समोरच्यांचा शॉट रिंगवरून फिरून बाहेर गेला म्हणून. म्हणजे आम्ही चांगली टीम होतो, पण ९-० एवढी चांगली नव्हतोच कधी. शिवाय वेळापत्रकातल्या तगड्या टीम्सचा दुसरा सामना नेमका शेवटी आला होता. फ्रान्सिस गाल्टननं १९ व्या शतकात आई-बापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं की टोकाची गोष्ट पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकते, तसंच थोडं आमचं होत होतं. घसरणीतला एक भाग घसरण नव्हतीच, फक्त नशीब आपल्या जागी परत गेलं होतं.

आणि मिनिटं. ४० मिनिटांच्या मॅचमध्ये आमच्या पहिल्या पाचजणी सरासरी पस्तीसच्या वर खेळत होत्या, कॅप्टन सदतीस-अडतीस. बेंचवर सातजणी जॅकेट घालून टाळ्या वाजवत.

कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांच्या घरी बसलो, सर, मी, कॅप्टन आणि सेंटरची आई. त्या नर्स आहेत आणि मुलीची अवस्था बघून स्वतःहून आल्या होत्या. सरांनी शीट्स बघितल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत, चहा गार झाला त्यांचा.

सरांचं म्हणणं होतं की अशी वेळ मोठमोठ्या टीम्सवर येते आणि त्यातून खेळूनच बाहेर पडायचं असतं. त्यांनीच इंडियाना पेसर्सचं उदाहरण काढलं. २०१३-१४ च्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, सीझनला त्यांची सुरुवात ३३-७ (३३ जिंकल्या, ७ हरल्या), नंतरच्या ४२ मॅचेसमध्ये २३-१९, शेवट ५६-२६. तरी ईस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या गटात, पहिला नंबर राहिला आणि पहिल्याच राउंडला ३८-४४ वाल्या अटलांटा हॉक्सनी त्यांना सात मॅचेसपर्यंत ओढलं, पण पेसर्स जिंकले आणि कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेले. सर म्हणाले बघ, टिकले की नाही. मी म्हटलं सर, टिकले, पण पहिला नंबर हातात असूनही आठव्या नंबरवाल्यांनी त्यांना घाम फोडला, म्हणजे नुसत्या नंबरवर किती भरवसा ठेवायचा? एकाच गोष्टीतून आम्ही दोघं दोन उलटे अर्थ काढत होतो.

समोर मुख्यतः तीन रस्ते होते. आहे तसं चालू ठेवायचं, जादा प्रॅक्टिस आणि प्रेस, आणि मुली भानावर येतील म्हणायचं. दुसरा, बचाव बदलायचा, प्रेस सोडून हाफ कोर्ट मॅन टू मॅन, म्हणजे आपल्या अर्ध्या कोर्टातच प्रत्येकीने समोरची एकेक मुलगी धरायची, पण नऊ मॅचेस ज्यावर जिंकलो ते प्लेऑफच्या तोंडावर सोडायला धाडस लागतं आणि मुलींचा स्वतःवरचा विश्वास त्या प्रेसशीच बांधलेला होता. तिसरा, विश्रांती, आणि ती खरी द्यायची तर चौदाव्या मॅचला मेन मुलींना बसवायचं.

अडचण अशी की चौदावी मॅच साधी नव्हती. आम्ही १०-३, समोरची टीमही १०-३. जिंकलो तर पहिला नंबर आणि सेमीला चौथ्या नंबरची टीम. हरलो तर दुसरे किंवा तिसरे, आणि दोन्हीकडे सेमीला समोर तीच उंच मुलींची टीम जिच्याकडून अकरावी मॅच हरलो होतो. म्हणजे विश्रांतीची किंमत कागदावर स्पष्ट होती. मी एवढंच म्हटलं की त्या चौथ्या नंबरवाल्यांनी आपल्याला कालच दहाने हरवलंय, थकलेल्या पायांनी सोपी सेमी असं काही नसतं.

कॅप्टन म्हणाली, "सर, मी बसणार नाही. लोक म्हणतील घाबरली." सरांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला खरंच किती झोप मिळते ग?" ती खाली बघत म्हणाली चार-साडेचार तास. माझ्या मते निर्णय तिथेच झाला. माझ्या आकड्यांनी सर विचारात पडले होते, पण ते बदलले ते त्या उत्तराने.

सेंटरच्या आईने आणखी एक सुचवलं, सगळ्यांचं हिमोग्लोबिन बघा. आमच्या डोक्यातही नव्हतं. गरोदर नसलेल्या बायकांसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघालाय, आणि आम्ही त्याच वयाच्या मुलींना वीस मिनिटं स्प्रिंट मारायला लावून वर विचारत होतो की भूक का दिसत नाही खेळात. तपासलं तर पहिल्या पाचमधल्या दोघी आणि बेंचवरची एक बाराच्या खाली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि स्वच्छ सांगितलं की फरक पडायला काही आठवडे जातील, या प्लेऑफला उपयोग नाही. शिवाय गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे एका मुलीला तीनदा सांगावं लागलं कारण तिची सकाळ चहानेच सुरू व्हायची.

काय केलं

शनिवारची सकाळ बंद. स्प्रिंट बंद. आठवड्याला पाच प्रॅक्टिस होत्या त्या तीन, संध्याकाळी, पाऊण तास, त्यातही अर्धा वेळ फ्री थ्रो आणि पायांच्या लयीवर हळू शॉट. चौदाव्या मॅचला कॅप्टन, सेंटर आणि अजून एक मेन मुलगी ट्रॅकसूट घालून बेंचवर.

ती मॅच आम्ही २१ ने हरलो. बघायला त्रास झाला. एक वडील लाइनजवळ येऊन मोठ्याने म्हणाले की पोरींची मेहनत पाण्यात घातली, आणि मुलींनी ते ऐकलं. सरांनी त्यांना मॅचनंतर बाजूला घेऊन समजावलं. पण हे आम्ही आधी करायला हवं होतं, पालकांना बोलावून, शीट्स दाखवून. आम्ही निर्णय चार भिंतींत घेतला आणि त्याची झळ कोर्टवरच्या मुलींना बसली. एरवी बेंचवर असणाऱ्या दोघी त्या दिवशी पूर्ण ४० मिनिटं खेळल्या, मॅच संपल्यावर एक पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडत होती. मी तिला शीट दाखवली, तिचे नऊ रिबाउंड होते, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल, हरलेल्या मॅचमध्ये कुणी मोजतच नाही.

मग सेमीपर्यंत नऊ दिवस मिळाले. पहिले तीन दिवस काहीच नाही, प्रॅक्टिकल्स आणि झोप. चौथ्या दिवशी सगळ्याजणी आल्या तेव्हा कोर्टवर आवाज होता, म्हणजे चेष्टामस्करी, एकमेकींच्या बाटल्या लपवणं वगैरे, तेव्हा लक्षात आलं की तीन आठवडे कोर्ट किती शांत होतं.

प्रेस पूर्ण सोडला नाही. आपला फ्री थ्रो पडल्यावर, बॉल बाहेरून आत येताना, तेवढाच करायचा, कारण तेव्हा सगळ्या जागेवर उभ्या असतात आणि धावत मागे यावं लागत नाही. बाकी वेळ हाफ कोर्ट मॅन टू मॅन. आणि मधल्या सर्कलमधल्या मुलीच्या पुढ्यात आपली एक, पास तिच्या हातात पडूच द्यायचा नाही. सहा दिवसांत एवढंच शिकवता आलं.

काय झालं

सेमी ५५-४९ ने जिंकलो, त्याच उंच टीमशी. फ्री थ्रो १९ पैकी १३. चौथा क्वार्टर १५-१२, आमच्या बाजूने. नऊ रिबाउंडवाली मुलगी ११ मिनिटं खेळली आणि त्या वेळात सेंटर बाजूला बसून केळं खात श्वास घेत होती, सीझनभरात असं पहिल्यांदाच घडलं.

विश्रांतीमुळेच जिंकलो असं मी म्हणणार नाही. एक मॅच म्हणजे एक मॅच, त्यांच्या एका मुलीला लवकर चार फाउल झाले होते, आणि आमचं नशीब जसं खाली सरकलं होतं तसं थोडं वर सरकलं असणार. पण पाय परत आले होते हे मी डोळ्यांनी बघितलं. शेवटच्या दोन मिनिटांत कॅप्टन गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली नव्हती, सरळ उभी राहून बोट दाखवत होती कुणी कुठे जायचं ते.

फायनल दुसऱ्याच दिवशी आणि ती ५२-५६ ने गेली.

परत करायचं झालं तर

वेळापत्रक दाटलं त्याच दिवशी प्रॅक्टिस कमी करायला हवी होती, हरण्याची वाट न बघता. सरांचा विरोध असता तरी मी दहाव्या मॅचनंतर बोलायला हवं होतं, शीट्स माझ्याकडे होत्या, इतर कुणाकडे नव्हत्या. हिमोग्लोबिन ऑक्टोबरात बघायला हवं, आता आम्ही तसंच करतो. बेंचला डिसेंबरातच मिनिटं द्यायला हवी होती, वीसने पुढे असतानाही आम्ही मेन पाचजणींनाच ठेवत होतो, पॉइंट फरक वाढवायला, ज्याचा शेवटी काही उपयोग झाला नाही. आणि प्रेसला दुसरा पर्याय नऊ मॅचेस जिंकत असतानाच शिकवायचा असतो, तेव्हा मुली मोकळेपणाने चुकतात.

सध्या प्रत्येक प्रॅक्टिसनंतर अर्ध्या तासाने मुलींना विचारतो, आज किती जड गेलं, शून्य ते दहा. तो आकडा गुणिले प्रॅक्टिसची मिनिटं, कार्ल फॉस्टर या अमेरिकन स्पोर्ट्स सायंटिस्टची ही पद्धत, खर्च शून्य, वही-पेन पुरतं. पहिल्या महिन्यात सगळ्या पाच-पाच म्हणायच्या, सरांना वाईट वाटू नये म्हणून. मग सरांनी ग्रुपवर आकडे मागवणं बंद केलं आणि प्रत्येकीने मला वेगळा मेसेज करायचा ठरलं, तेव्हा खरे आकडे यायला लागले, आठ, नऊ.

फायनलची एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. तिसऱ्या क्वार्टरला सहा मिनिटं बाकी असताना कॅप्टनला चौथा फाउल झाला, आम्ही तीनने पुढे. पाचवा झाला की बाहेर. सरांनी तिला बसवलं, चौथ्या क्वार्टरसाठी राखून, आणि त्या सहा मिनिटांत समोरच्यांनी ११ पॉइंट घेतले, आम्ही ४. सर म्हणतात चार फाउलवर ती घाबरून बचाव करत नसती, बसवणं बरोबर होतं. मी म्हणते ती पहिल्यांदाच ताजी होती, खेळू द्यायची, पाचवा झाला असता तर झाला असता. कॅप्टनला विचारलं तर म्हणते, ताई, मला खेळायचं होतं, पण सरांनी बोलावलं तेव्हा मी एकदाही मागे वळून बघितलं नाही, सरळ येऊन बसले.